आपल्या बाजूचा माणूस

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सचिवांनी मला विषय दिला तो असा : ‘तुम्ही इथलं घर कसं घेतलं ते सांगा.’ मी म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे? सगळेच घर घेतात. तर ते म्हणाले, ‘अहो, आपल्याकडच्या निम्म्या घरांतली मुलं आता स्वतःची घरं बघतायत. आणि तुम्ही ज्या पद्धतीनं घेतलंत, तसं इथं दुसऱ्या कुणी घेतलेलं नाही.’ ते खरं आहे. आम्ही एक बाई नेमल्या होत्या. घर शोधायला. त्यांचे पैसे आम्ही दिले आणि त्यांनी काम फक्त आमचं केलं. एवढंच वेगळेपण. पण त्या एवढ्याशा फरकानं काय काय बदलतं, ते आज सांगणार आहे.

आपल्याकडे अशा माणसाला वेगळं नाव नाही. एजंट म्हणतात, ब्रोकर म्हणतात, जुनी माणसं दलाल म्हणतात. फ्रान्समध्ये म्हणे अशा माणसाला चक्क ‘घरांचा शिकारी’ म्हणतात. अमेरिकेत घेणाऱ्याचा एजंट वेगळा आणि विकणाऱ्याचा वेगळा, ही जुनी पद्धत आहे. ऑगस्ट २०२४ पासून तर तिथं बहुतेक ठिकाणी घर दाखवायला नेण्याआधीच घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो. मी आपला साधा शब्द वापरतो : ‘आपल्या बाजूचा माणूस’.

आता आमची परिस्थिती सांगतो, म्हणजे अशा माणसाची गरज का पडली ते कळेल.

मिरजेचं आमचं घर आईच्या नावावर होतं. वडील गेल्यावर ती दोन वर्षं तिथं एकटी राहिली, मग तिनंच ठरवलं की आता पुण्याला यायचं. २०२१च्या सुरुवातीला ते घर विकलं. त्यातून हातात आले ४० लाख. हे आईचे पैसे. तिच्याकडे दुसरं काही नाही. पेन्शन नाही. आणि या पैशांना मुदत होती. घर विकून जो भांडवली नफा होतो, त्यावरचा कर वाचवायचा तर आयकर कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत दुसरं तयार घर घ्यावं लागतं. बांधून घेणार असाल तर तीन वर्षं. तोवर विवरणपत्राच्या मुदतीआधी ती रक्कम बँकेत भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावी लागते. शिवाय ज्याचं घर विकलं, त्याचं नाव नव्या घरावर हवं. म्हणजे आईचं नाव करारात घालणं भागच होतं. ‘आईचं वय झालंय, तुमच्या एकट्याच्याच नावावर घ्या, सोपं जाईल,’ असा सल्ला आम्हाला चार जणांनी दिला. तो ऐकला असता तर सवलत हातची गेली असती.

तर २०२२ उजाडलं. मी दिवसभर नोकरीत, सौभाग्यवती शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत. रविवारी घरं बघायची. मार्चमध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली आणि कोथरूडमधलं प्रत्येक घर एकदम ‘मेट्रोपासून पाच मिनिटांवर’ गेलं. एजंटचे फोन असे यायचे : ‘साहेब, आज टोकन दिलं नाहीत तर उद्या राहणार नाही.’

या एजंट लोकांना नावं ठेवायला मी उभा नाही. बरेचसे कष्टाळू असतात. प्रश्न माणसाचा नाही, हिशेबाचा आहे. आपल्याकडे साधारण रिवाज असा, की एकच एजंट दोन्हीकडून पैसे घेतो, एक टक्का किंवा दोन टक्के. समजा दोन. ९० लाखांच्या व्यवहारात त्याला दोन्ही बाजू मिळून ३ लाख ६० हजार मिळतात. आता त्यानं आपल्यासाठी घासाघीस करून किंमत ५ लाखांनी खाली आणली, तर आपले वाचतात ५ लाख आणि त्याचे जातात २० हजार. शिवाय महिनाभर जास्त खपायचं. आणि त्यानं ‘या घराच्या कागदात गडबड आहे, घेऊ नका’ असं सांगितलं, तर त्याला मिळतं शून्य. सांगा, त्यानं कुणाची बाजू घ्यावी?

माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं या बाईंचं नाव सुचवलं. आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो. पूर्वी त्या एका बँकेच्या गृहकर्ज विभागात होत्या, त्यामुळे हजारो लोकांचे कागद डोळ्यांखालून गेलेले. त्यांच्या अटी साध्या होत्या, पण सगळ्या कागदावर. ठरावीक फी १ लाख १० हजार. घराची किंमत वर जावो की खाली, फी तीच. त्यातले १५ हजार सुरुवातीला आणि बाकीचे दस्त नोंदणी झाल्यावर. विकणाऱ्याकडून किंवा त्याच्या एजंटकडून एक रुपया घेणार नाही, हे लिहून दिलेलं. मुदत सहा महिने. आणि एक महत्त्वाचं कलम : त्या एखाद्या घराबद्दल ‘नको’ म्हणाल्या तर त्याचं कारणही लेखी देणार.

पहिल्या भेटीत त्या दोन तास बसल्या आणि बजेटचा विषय शेवटच्या दहा मिनिटांत निघाला. आधी प्रश्न काय? सकाळी घरात पहिलं कोण उठतं? आंघोळी किती वाजेपर्यंत उरकायला लागतात? मुलगी अभ्यासाला कुठं बसते? आजी दिवसभर काय करतात? आईला विचारलं, ‘आजी, तुम्हाला काय हवं?’ आई म्हणाली, ‘मला एकटीला देवळात जाता आलं पाहिजे. कुणी सोडायला नको आणि कुणी आणायला नको.’ मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मग दोन याद्या केल्या : ‘हवंच’ आणि ‘असलं तर बरं’. पहिल्या यादीत लिफ्ट होती, आईच्या खोलीला लागून संडास-बाथरूम होतं, आणि चालत जाता येईल असं देऊळ होतं. मॉड्युलर किचन, क्लब हाउस, पोहण्याचा तलाव हे सगळं दुसऱ्या यादीत गेलं. आम्हाला वाटत होतं की आपल्याला काय हवं ते आपल्याला माहीत आहे. ते कागदावर आल्यावर निम्म्या जाहिराती आपोआप गळाल्या.

त्यांनी अकरा घरं काढली आणि आम्हाला दाखवली फक्त चार. उरलेली सात स्वतः जाऊन बघून बाद केली. एका इमारतीला लिफ्ट होती, पण पार्किंगमधून लिफ्टपर्यंत जायला चार पायऱ्या, कठडा नाही. एका ठिकाणी रोज दोन टँकर यायचे. हे त्यांना वॉचमनकडून कळलं. एका इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नव्हतं. एका ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’वाल्या घरापासून त्या घड्याळ लावून चालत गेल्या : चौदा मिनिटं. प्रत्येक ठिकाणी त्या एकदा सकाळी सातला आणि एकदा संध्याकाळी सातला जायच्या. दुपारी अकराला बघितलेलं घर आणि संध्याकाळी सातचं घर ही दोन वेगळी घरं असतात, असं त्या म्हणायच्या.

शिवाय पर्समध्ये टेप. जाहिरातीतलं क्षेत्रफळ बहुतेकदा ‘सेलेबल’ असतं, त्यात जिना, लॉबी, काय वाटेल ते धरलेलं. आत्ता आम्ही राहतो ते घर जाहिरातीत १,०५० चौरस फूट होतं. मोजल्यावर चटई क्षेत्र भरलं ७४२. मागितलेली किंमत होती ९८ लाख. १,०५० नं भागलं तर दर येतो ९,३३३ रुपये, ७४२ नं भागलं तर १३,२०८. घर तेच आणि किंमतही तीच. पण दोन घरांची तुलना करायची तर दोन्हीकडं चटई क्षेत्रच धरायला हवं, नाहीतर स्वस्त वाटलेलं घर महाग निघतं.

आता मुख्य गोष्ट. चारपैकी तिसरं घर आम्हाला सगळ्यांना फार आवडलं. पूर्वेचं स्वयंपाकघर, समोर मोठं पिंपळाचं झाड, देऊळ दोनशे पावलांवर. आई त्या खोलीत खिडकीशी जाऊन बसलीच. विकणारा मुलगा सज्जन, किंमत बजेटात. शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर. त्यांचा एजंट म्हणाला, ‘कागद एकदम क्लिअर आहेत, एक लाख टोकन द्या.’ आणि आमच्या हातात मुदतीचे साडेतीन महिने उरलेले.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला : ‘हे घर वडिलांचं ना? त्यांच्या पश्चात वारस किती?’ तेव्हा कळलं की दोन बहिणी आहेत, एक नाशिकला, एक परदेशात. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मुलाचं नाव नॉमिनी म्हणून होतं, त्यावर सोसायटीनं शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावे केलं होतं. एजंट म्हणाला, ‘बहिणी काही बोलणार नाहीत, घरातलीच माणसं आहेत.’

मंडळी, ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी हा विश्वस्त. सोसायटीनं कुणाशी व्यवहार करायचा एवढंच नामनिर्देशनानं ठरतं. मालकी कुणाची, ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगा, मुलगी सगळ्यांचा सारखा वाटा. २०१९ मध्ये आपल्या सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातही वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासदच धरलं आहे. म्हणजे त्या दोन बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिल्याशिवाय, किंवा स्वतः दस्तावर सह्या केल्याशिवाय, तो मुलगा आम्हाला पूर्ण घर विकूच शकत नव्हता. आम्ही घेतलं असतं, तर आईच्या ४० लाखांवर उद्या कुणीतरी दावा टाकू शकलं असतं.

मॅडम म्हणाल्या, ‘बहिणींचं हक्कसोडपत्र आलं तर घर उत्तम आहे. नाही आलं तर माझा सल्ला नको असा आहे.’ विकणाऱ्याची तेवढं थांबायची तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी मॅडमचा लेखी सल्ला आला, कारणासकट. सौभाग्यवतींना फार वाईट वाटलं. मलाही वाटलं. आई मात्र म्हणाली, ‘लेकींना न विचारता विकलेल्या घरात मला नको राहायला.’ पुढे त्या घराचं काय झालं ते आम्ही विचारलं नाही.

हे ‘नको’ सांगण्यात मॅडमचा काय फायदा होता? काहीच नाही. त्यांना पुन्हा शोधायला लागलं. त्यांनाही व्यवहार व्हायला हवाच होता, कारण बाकीची फी नोंदणीनंतरच मिळणार होती. पण हेच घर व्हावं आणि याच किमतीला व्हावं, असं त्यांना काही नव्हतं. इथं मघाचा सगळा हिशेब बदलतो.

मग चौथं घर, म्हणजे हे. आणि आता मी आपल्या सोसायटीबद्दल एक गोष्ट सांगतो, जी कदाचित जुन्या सभासदांनाही माहीत नसेल. मॅडम आपल्या ऑफिसात येऊन दीड तास बसल्या होत्या. त्यांनी मागितलं ते सगळं एका फायलीत होतं : मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, संस्थेच्या नावे झालेलं अभिहस्तांतरण म्हणजे कन्व्हेयन्स, संस्थेच्या नावाची मिळकत पत्रिका, लेखापरीक्षण अहवाल, सिंकिंग फंडाचा आकडा. जमिनीची मालकी बिल्डरकडून सोसायटीकडं आलेली नाही, अशा कितीतरी इमारती आहेत. त्यांना पुनर्विकासाच्या वेळी फार त्रास होतो. बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, ‘सर, घर थोडं जुनं आहे, पण सोसायटी नीट चालवलेली आहे. तुम्ही भिंतींपेक्षा याचेच पैसे देताय.’ ज्यांनी पंचवीस वर्षं ती फाइल सांभाळली, त्यांच्यासाठी ही दाद मी आज इथं पोचवतो.

किंमत ९८ वरून ९२ वर आली, तीही आरडाओरडा न करता. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक २ बघता येते. मॅडमनी याच भागातले आधीचे व्यवहार काढून समोर ठेवले. बाथरूमच्या गळतीचा दुरुस्तीखर्च ठेवला. समोरच्यांनाही पटलं. वकील मात्र आम्ही वेगळे केले. तीस वर्षांचा सर्च, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, मूळ करारापासूनची कागदांची साखळी, आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, हे काम वकिलाचं. मॅडम स्वतःच म्हणाल्या होत्या, ‘मी शोधते आणि विचारते. शिक्का वकिलाचा.’

घराची किंमत म्हणजे सगळा खर्च नव्हे, हेही मुलांना सांगा. ९२ लाखांवर ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क झालं ६ लाख ४४ हजार. नोंदणी ३० हजार. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य २५ हजार. मॅडमची फी १ लाख १० हजार. बेरीज केलीत तर वकील आणि रंगकाम सोडूनच एक कोटी ओलांडतं. नुसत्या स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते; पुरुषाचं नाव जोडलं की ती जाते. कर्ज माझ्या नावावर असल्यानं आम्हाला ती घेता आली नाही. आणि व्यवहार ५० लाख किंवा त्यावर असेल तर एक टक्का टीडीएस कापून सरकारला भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. ते पैसे विकणाऱ्याच्या रकमेतूनच जातात, पण भरायचे आपण.

त्या २५ हजारांवरून सांगतो. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार आहे, २००१च्या शासकीय परिपत्रकानं ठरलेली. आम्ही बघितलेल्या एका ठिकाणी ‘विकास निधीला स्वेच्छा देणगी’ म्हणून दोन लाख सांगितले होते. आपल्याकडं पावती फाडली तेवढ्याचीच.

आता ज्यांना असा माणूस नेमायचा असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी, अनुभवाच्या.

एक. फी ठरावीक ठेवा, टक्क्यांत नको. आणि तो समोरच्याकडून काही घेणार नाही, हे लेखी घ्या.

दोन. समोरच्या बाजूचा एजंट आपल्याकडूनही दोन टक्के मागतो. घर बघायच्या आधीच ‘आमचा माणूस आहे, तुमचे पैसे तुमच्या पक्षकाराकडून घ्या’ हे स्पष्ट करा. नाहीतर दोन्हीकडं भराल.

तीन. बिल्डरकडून नवं घर घेणार असाल, तर रेरा कायद्याप्रमाणे एजंटची महारेराकडं नोंदणी हवीच. त्याचा नंबर मागा आणि संकेतस्थळावर तपासा. पण सोसायटीतलं जुनं घर एका मालकाकडून दुसऱ्यानं घ्यायचं असेल, तर त्या व्यवहाराला ही नोंदणीची सक्ती लागू नाही. म्हणजे रिसेलमध्ये आपणच जास्त सावध राहायचं. त्यानं पूर्वी ज्यांचं काम केलं अशा दोन-तीन घरी जाऊन चहा प्या. त्यात सगळं कळतं.

चार. गरज नसेल तर नेमू नका. याच भागात, ओळखीच्या सोसायटीत घर घेणार असाल तर तुमचा शेजारीच सगळ्यात चांगला माहीतगार. नवीन गाव, कमी वेळ, आणि पैसा असा की जो पुन्हा उभा राहणार नाही, अशा वेळी मात्र त्या लाखभर रुपयांकडं बघू नका.

शेवटी कार्यकारिणीला आणि सगळ्यांनाच एक विनंती. आज आपण घेणाऱ्यांबद्दल बोललो, पण इथल्या प्रत्येक घराचा कधी ना कधी कुणीतरी वारस होणार आहे. आपण नामनिर्देशनाचा फॉर्म भरतो आणि निश्चिंत होतो. तेवढ्यानं भागत नाही. रौप्यमहोत्सवी वर्षात आपण एक रविवार ठरवू, एखाद्या वकिलांना बोलावू, आणि ज्यांचं मृत्युपत्र झालेलं नाही त्यांनी ते करून टाकू. दोनशे पावलांवर देऊळ असलेलं एक चांगलं घर केवळ त्या एका कागदाअभावी विकता येत नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या मुलामुलींवर ती वेळ येऊ नये.

आई आता ऐंशीला आली. मृत्युंजयेश्वराला एकटी जाते, एकटी येते. वाटेत तुमच्यापैकी कुणी ना कुणी तिच्याशी बोलतं. ते कुठल्याच यादीत लिहिलेलं नव्हतं. त्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.